अमेरिकेंतील इतिहासाचा वर्ग आणि त्याचे नियम

अमेरिकेंतील शाळा उन्हाळ्याच्या दीर्घ सुटीनंतर कोठें ऑगस्टांत, तर कोठें सप्टेंबरच्या आरंभीं उघडतात. पहिल्याच आठवड्यांत आठव्या इयत्तेंतलें मूल दप्तरांतून एक कागद घरीं आणतें. कागदाच्या माथ्यावर विषयाचें नांव असतें, 'संयुक्त संस्थानांचा इतिहास'. त्याखालीं शिक्षकाचें नांव, खोलीचा क्रमांक, वर्षाचा अभ्यासक्रम, मग वर्गाचे नियम, आणि अगदीं तळाशीं दोन रेघा: एक विद्यार्थ्याच्या सहीसाठीं, दुसरी पालकाच्या सहीसाठीं. हल्लीं कित्येक शाळा हाच मजकूर संगणकाच्या पडद्यावर पाठवितात. परंतु सही मागण्याची रीत तीच आहे.

महाराष्ट्रांतून किंवा गोव्यांतून नोकरीनिमित्त तिकडे जाऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांतही हा कागद येतो. आईवडील दिवसभराच्या कामानें दमलेले असतात. शाळेचें पत्रक म्हणजे फीची किंवा सुटीची सूचना, अशी त्यांची लहानपणापासूनची समजूत असते. "सही कोठें करावयाची?" एवढेंच विचारलें जातें आणि कागद पुन्हा दप्तरांत जातो. पुढें दोन-अडीच महिन्यांनीं पहिलें प्रगतिपत्रक येतें. ज्या मुलाला सनावळी तोंडपाठ आहे, लढायांचीं नांवें ज्याच्या जिभेवर आहेत, त्याला इतिहासांत 'डी' हा शेरा मिळालेला असतो. घरांत आधीं मुलावर राग निघतो, मग शिक्षकावर. वस्तुतः त्या शेऱ्याचें कारण सहीच्या रेघेच्या चार ओळी वर छापलेलें असतें.

म्हणून त्या कागदांत काय असतें, तें तसें कां असतें, आणि त्यांतील कोणत्या गोष्टीला पालकानें प्रश्न विचारावा, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

अमेरिकेंत बालवर्गानंतर बारा इयत्ता असतात. त्यांतल्या शेवटच्या चार हायस्कूलच्या. त्यापूर्वींच्या सहावी, सातवी व आठवी या तीन इयत्तांची पुष्कळ ठिकाणीं निराळी शाळा असते. तिला 'मिडल स्कूल' म्हणजे मधली शाळा म्हणतात. ही पायरी फार जुनी नाहीं. ओहायो राज्यांतील कोलंबस शहरीं १९०९ मध्यें 'ज्युनिअर हायस्कूल' निघालें. पुढें १९६३ पासून विल्यम अलेक्झांडर प्रभृति शिक्षणतज्ज्ञांनीं या वयाच्या मुलांसाठीं खास बेताची मधली शाळा असावी असा विचार मांडला व तो रूढ झाला. अकरा ते चौदा वर्षांचें मूल धड लहानही नसतें आणि धड मोठेंही नसतें. त्याला एकाच बाईंच्या पदराखालून काढावें, पण हायस्कूलच्या गर्दींत न लोटतां आपलें काम आपण सांभाळावयास शिकवावें, हा या मधल्या पायरीचा हेतु. नियमपत्रकाचा सारा रोखही तोच आहे.

दुसरी गोष्ट ध्यानांत ठेवावयाची ती अशी कीं, त्या देशांत सर्व शाळांना लागू असा एकच अभ्यासक्रम नाहीं. राज्यघटनेंत शिक्षणाचा उल्लेख नाहीं; आणि जे अधिकार मध्यवर्ती सरकारला दिलेले नाहींत ते राज्यांचे व जनतेचे, असें १७९१ च्या दहाव्या घटनादुरुस्तीनें ठरविलें. त्यामुळें टेक्सासमध्यें आठवीचा इतिहास १८७७ पाशीं थांबतो, तर कॅलिफोर्नियांत तो विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत जातो. २०१५ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणें तिसरी ते आठवीपर्यंत वाचन व गणित यांची परीक्षा दरवर्षीं घ्यावीच लागते. इतिहासाची तशी सक्ति नाहीं. परिणाम असा होतो कीं, इतिहासाच्या वर्गाची शिस्त, गुणांची वांटणी आणि कामाची रीत हीं बव्हंशीं त्या त्या शाळेनें व शिक्षकानें ठरविलेलीं असतात. २०२२ मध्यें देशभर घेतलेल्या एका राष्ट्रीय चाचणींत आठवीच्या शेंकडा १३ मुलांनाच या विषयांत अपेक्षित प्रावीण्य गांठतां आलें. तेव्हां या एका कागदावर आणि तो लिहिणाऱ्या शिक्षकावर किती भार आहे, याची कल्पना येईल. दोन शाळांचे कागद सारखे नसतात. तरी त्यांतील मुख्य कलमें सहसा तींच असतात.

पहिलें कलम वर्गांतील वागणुकीचें. आपल्याकडे वर्ग एका खोलींत बसतो आणि तास बदलला कीं शिक्षक बदलतो. तेथें उलट आहे. शिक्षक आपल्या खोलींत असतो आणि तास बदलला कीं मुलें खोल्या बदलतात. मध्यें चार-पांच मिनिटांचा अवधि मिळतो. तेवढ्यांत आपलें कपाट उघडावयाचें, पुढच्या तासाची वही घ्यावयाची आणि इमारतीच्या दुसऱ्या टोकाची खोली गांठावयाची. म्हणून 'घंटा वाजण्यापूर्वीं जागेवर असावें', 'तासाच्या आरंभींच्या व शेवटच्या दहा मिनिटांत बाहेर जाऊं नये', 'बाहेर जातांना परवान्याची चिठ्ठी घ्यावी' असे नियम असतात. फळ्यावर एक प्रश्न लिहिलेला असतो. कोणी न सांगतां मुलानें वही उघडून त्याचें उत्तर लिहावयास लागावें, अशी अपेक्षा असते. भ्रमणध्वनीविषयीं नियम अलीकडे कडक झाले आहेत. फ्लोरिडा राज्यानें तर २०२३ मध्यें शिकविण्याच्या वेळांत त्याचा वापर कायद्यानेंच बंद केला. शिक्षकांना तेथें 'सर' किंवा 'बाई' म्हणत नाहींत. आडनांवापूर्वीं 'मिस्टर' किंवा 'मिस' लावून हांक मारतात. नुसतें 'टीचर' म्हणणेंही फारसें रुचत नाहीं. नवीन आलेल्या मुलाला एवढें आधीं सांगितलें तर त्याचा पहिला दिवस पुष्कळ सुखाचा जातो.

दुसरें कलम वहीचें, आणि तें वाटतें तितकें क्षुल्लक नाहीं. वहीला पानांचे क्रमांक घालावे, आरंभीं अनुक्रमणिका ठेवावी, एका बाजूस शिक्षकानें सांगितलेलें टिपावें आणि दुसऱ्या बाजूस त्यावरचा आपला विचार लिहावा, असें पुष्कळ वर्गांत सांगतात. या दुसऱ्या बाजूलाही गुण असतात. पाठांतरावर वाढलेल्या पालकाला हा प्रकार निरर्थक वाटतो. तथापि इतिहास तेथें कोणत्या दृष्टीनें शिकवूं पाहतात, हें एका उदाहरणावरून स्पष्ट होईल.

१७७० सालीं ५ मार्च रोजीं बोस्टन शहरीं इंग्रज शिपायांनीं जमावावर गोळ्या झाडल्या व पांच माणसें मेलीं. त्याच महिन्यांत पॉल रिव्हिअर यानें त्या प्रसंगाचें एक चित्र कोरून विकावयास काढलें. चित्रांत शिपाई एका सरळ रांगेंत उभे राहून एकदम गोळ्या झाडीत आहेत, त्यांच्यामागें कॅप्टन प्रेस्टन तलवार उगारून हुकूम देत आहे, आणि समोरचे लोक निःशस्त्र आहेत. पुढें खटला झाला. शिपायांचें वकीलपत्र जॉन अॅडम्स यानें घेतलें. हाच गृहस्थ पुढें देशाचा दुसरा अध्यक्ष झाला. साक्षीदारांपैकीं कित्येकांनीं जमावानें बर्फाचे गोळे व काठ्या फेंकल्याचें सांगितलें. प्रेस्टन सुटला; आठ शिपायांपैकीं सहा निर्दोष ठरले आणि दोघांवर सदोष मनुष्यवधाचा ठपका आला.

आठवीच्या वर्गांत मुलांपुढें हें चित्र, प्रेस्टनचा स्वतःचा जबाब आणि एखाद्या नगरवासीयाची साक्ष, असे तीन कागद ठेवतात आणि विचारतात: गोळीबाराचा हुकूम दिला गेला होता काय? उत्तरांत तीन गोष्टी असाव्या लागतात. आपलें म्हणणें एका वाक्यांत. त्याला आधार कोणत्या कागदांतला. आणि तो आधार विश्वसनीय कां किंवा कां नाहीं. चित्र विकण्यासाठीं काढलेलें होतें, जबाब स्वतःचा जीव वांचविण्यासाठीं दिलेला होता, हें मुलानें ओळखावें अशी अपेक्षा असते. ज्यानें '५ मार्च १७७०, पांच मृत' एवढेंच लिहिलें, त्यानें खोटें कांहीं लिहिलें नाहीं, पण विचारलेल्या प्रश्नाचें उत्तरही दिलें नाहीं. सनावळी पाठ असलेल्या मुलाचे गुण जातात ते येथें. पाठांतर वायां जातें असें नव्हे. सन माहीत नसेल तर पुरावा कोठें बसवावयाचा हेंच कळत नाहीं. परंतु तेथें पाठांतर ही पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे.

तिसरें कलम गुणांचें. बहुतेक शाळांत शेंकडा ९० च्या वर 'ए', ८० च्या वर 'बी', ७० च्या वर 'सी', ६० च्या वर 'डी' आणि ६० च्या खालीं 'एफ' म्हणजे नापास, अशी प्रतवारी असते. महाराष्ट्रांत शालांत परीक्षेला ३५ गुणांवर उत्तीर्ण होतां येतें. त्या मापानें वाढलेल्या पालकाला ५८ गुण म्हणजे 'बरें आहे' वाटतें. तेथें तें अनुत्तीर्ण होणें आहे. शिवाय वर्षअखेरच्या एका परीक्षेवर सर्व कांहीं अवलंबून नसतें. चाचण्या, प्रकल्प, वर्गांतील काम, गृहपाठ अशा प्रत्येकाला शेंकड्यांत वांटा दिलेला असतो आणि रोजच्या कामाची नोंद चढत असते. शेवटच्या महिन्यांत रात्रीचा दिवस करून मागचें सारें भरून काढूं, ही युक्ति तेथें चालत नाहीं.

याच ठिकाणीं उशिरा दिलेल्या व न दिलेल्या कामाचा नियम येतो, आणि पालकानें सर्वांत आधीं वाचावयाचें कलम हेंच आहे. समजा, एका मुलाचीं चार कामें आहेत. तिहींत त्याला ९०, ८५ व ९५ गुण मिळाले. चौथें काम त्यानें दिलेंच नाहीं, म्हणून शून्य पडलें. बेरीज २७०, सरासरी साडेसदुसष्ट; शेरा 'डी'. कांहीं शाळांत न दिलेल्या कामालाही ५० पेक्षां कमी गुण मांडत नाहींत. तसें केल्यास बेरीज ३२०, सरासरी ८०, शेरा 'बी'. मूल तेंच, त्याला समजलेला इतिहास तेवढाच. एका नियमानें दोन पायऱ्यांचें अंतर पडलें.

या दोन पद्धतींविषयीं अमेरिकेंतील शिक्षकांत मोठा मतभेद आहे. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, जें केलें नाहीं त्याला गुण कशाचे द्यावयाचे? वेळ पाळणें हेंही शिक्षणच आहे, आणि फुकटचे पन्नास गुण मिळतात हें मुलांना लवकर उमगतें. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, शून्य हें मुलाच्या ज्ञानाचें माप नसून त्याच्या विसराळूपणाला केलेला दंड आहे; आणि दंड एकदां गुणांत मिसळला म्हणजे त्या आंकड्यावरून मुलाला इतिहास किती येतो हें कोणालाच सांगतां येत नाहीं. शिवाय दोन शून्यें पडलेल्या मुलाला आपण आतां कांहीं केलें तरी वर येत नाहीं असें दिसलें, कीं तें प्रयत्नच सोडतें. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. म्हणून कित्येक शिक्षक मधला मार्ग धरतात: उशिरा आलेलें काम घ्यावयाचें, पण दिवसामागें कांहीं गुण कापावयाचे, तें प्रकरण संपेपर्यंत मुदत ठेवावयाची, चाचणी पुन्हा देऊं द्यावयाची, मात्र आधीं चुका दुरुस्त करून दाखविल्या पाहिजेत. यांतला कोणता नियम आपल्या मुलाच्या वर्गांत आहे, हें पहिल्या आठवड्यांत माहीत असणें आणि नोव्हेंबरांत कळणें यांत फार अंतर आहे.

गैरहजेरीचा नियमही याला जोडूनच असतो. मूल आजारी पडलें तर सामान्यतः जितके दिवस गैरहजर, तितके दिवस राहिलेलें काम देण्यास मिळतात. परंतु नाताळच्या सुटीला आणखी दोन आठवडे जोडून आजीआजोबांना भेटावयास भारतांत आलेल्या मुलाची रजा पुष्कळ शाळांत सकारण धरीत नाहींत. अशा वेळीं आधीं पत्र लिहून शिक्षकाकडून काम मागून घेतलें तर मार्ग निघण्याचा संभव असतो. परत गेल्यावर केलेल्या विनवणीचा सहसा उपयोग होत नाहीं. एका शिक्षकाकडे पांच-पांच तुकड्यांतलीं मिळून शंभराहून अधिक मुलें असतात, हेंही पालकानें विसरूं नये.

चौथें कलम प्रामाणिकपणाचें. आपल्याकडे गाइडांतलें उत्तर जसेंच्या तसें उतरवून काढणाऱ्या मुलाला शाबासकी मिळालेली पुष्कळांच्या आठवणींत असेल. तेथें दुसऱ्याचें वाक्य अवतरणचिन्हांवांचून आणि मूळ लेखकाचें नांव न देतां आपल्या निबंधांत घातलें, तर ती चोरी समजतात. त्या कामाला शून्य पडतें व घरीं कळविलें जातें. मुलाचा हेतु वाईट नसतो. जी गोष्ट घरीं गुण म्हणून शिकविली ती शाळेंत दोष कशी झाली, हेंच त्याला समजत नाहीं. नोव्हेंबर २०२२ मध्यें चॅटजीपीटी हें साधन सर्वांस खुलें झाल्यापासून या कलमांत एक नवी भर पडली आहे. यंत्राकडून निबंध लिहवून घेणें बहुतेक वर्गांत निषिद्ध असतें. कांहीं शिक्षक टिपणें काढण्यापुरती किंवा भाषा तपासण्यापुरती त्याची मोकळीक देतात, आणि कित्येकांनीं निबंध पुन्हा वर्गांतच, शाईनें किंवा शिसपेन्सिलीनें लिहवून घेण्यास आरंभ केला आहे. मजकूर यंत्राचा कीं मुलाचा हें ओळखणारीं साधनें निघालीं आहेत, पण तीं चुकतातही. यासाठीं मुलानें आपलीं कच्चीं टिपणें व पहिले खर्डे जपून ठेवावे. वृथा आळ आला तर तोच त्याचा पुरावा. आणि पुराव्यानें बोलावें हेंच तर इतिहासाचा वर्ग त्याला शिकवीत असतो.

पांचवें कलम चर्चेचें. आठवीच्या इतिहासांत केवळ १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि १७८७ ची राज्यघटना येत नाहीं. १८३० च्या कायद्यान्वयें मूळच्या रहिवाशांना त्यांच्या भूमींतून हांकलून पश्चिमेकडे नेलें, त्या वाटेवर हजारों माणसें मेलीं, हेंही येतें. गुलामगिरी येते, १८६१ ते १८६५ चें यादवी युद्ध येतें. ज्यांच्या पूर्वजांना विकलें गेलें आणि ज्यांच्या पूर्वजांनीं विकत घेतलें, त्यांचीं मुलें एकाच बाकाशीं बसलेलीं असूं शकतात. म्हणून कागदावर लिहिलेलें असतें: म्हणण्यावर टीका करावी, माणसावर करूं नये, एका वेळीं एकानें बोलावें, जुन्या कागदांत आलेले अपमानकारक शब्द मोठ्यानें उच्चारूं नयेत, कोणाही मुलाला त्याच्या वंशाचा प्रतिनिधि समजून जाब विचारूं नये. हा केवळ शिष्टाचार नव्हे. या नियमांवांचून ती गोष्ट वर्गांत खरेपणानें बोलतांच येणार नाहीं. वंशभेदाचा विषय शाळेंत कसा शिकवावा यावर २०२१ पासून कित्येक राज्यांनीं कायदे करून मर्यादा घातल्या आहेत. त्यामुळें शिक्षकालाही येथें जपून पाऊल टाकावें लागतें.

या प्रकरणाशीं मराठी माणसाचें नातें जुनें आहे. जोतीराव फुले यांनीं १८७३ मध्यें 'गुलामगिरी' हें पुस्तक प्रसिद्ध केलें, तें अमेरिकेंतील सदाचारी लोकांना अर्पण केलेलें आहे, आणि तें त्यांनीं गुलामांना दास्यांतून मुक्त करण्याच्या कामीं दाखविलेल्या औदार्यासाठीं. गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती १८६५ च्या डिसेंबरांत झाली. तिला अवघीं आठ वर्षें झालीं नाहींत तोंच पुण्यांतल्या एका माणसानें तिचा अर्थ आपल्या समाजाला लावून दाखविला. तिकडच्या वर्गांत बसलेल्या मराठी मुलाला हें घरीं सांगितलें, तर 'हा दुसऱ्यांचा इतिहास' असें त्याला वाटणार नाहीं आणि चर्चेंत बोलावयास त्याच्यापाशीं स्वतःचें असें कांहीं असेल.

आतां शेवटचा आणि महत्त्वाचा प्रश्न. हे नियम विद्यार्थ्याला बांधतात; मग शिक्षकाला व शाळेला कोण बांधतें? त्याचें उत्तर त्याच इतिहासांत आहे. झेंड्याला वंदन करण्याची सक्ति शाळेनें मुलांवर करूं नये, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९४३ मध्यें, ऐन महायुद्धांत दिला. १९६५ च्या डिसेंबरांत आयोवा राज्यांतील मेरी बेथ टिंकर ही तेरा वर्षांची मुलगी व्हिएतनाम युद्धाचा निषेध म्हणून दंडाला काळी फीत बांधून शाळेंत गेली, तेव्हां शाळेनें तिला घरीं पाठविलें. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें आणि १९६९ मध्यें निकाल तिच्या बाजूनें लागला. शाळेच्या कामांत खरोखर व्यत्यय येत नसेल तर मुलाचें मत दडपतां येत नाहीं, हें तेव्हांपासून ठरलें. १९७५ च्या एका निकालानें मुलाला कांहीं दिवस शाळेबाहेर काढावयाचें झालें तरी आरोप काय आहे तें सांगून त्याची बाजू ऐकली पाहिजे, असें ठरलें. १९७४ च्या कायद्यानें शाळेंतील आपल्या मुलाच्या नोंदी पाहण्याचा अधिकार पालकांना मिळाला, आणि १९७५ च्या दुसऱ्या एका कायद्यानें व्यंग असलेल्या मुलांसाठीं त्यांच्या गरजेप्रमाणें शिक्षणाची योजना करणें शाळांवर बंधनकारक झालें. अशा मुलाला चाचणीस अधिक वेळ द्यावयाचा असें ठरलेलें असेल, तर वर्गाचा छापील नियम त्याच्या आड येऊं शकत नाहीं.

यावरून त्या सहीचा अर्थ कळतो. ती सही शरणचिठ्ठी नव्हे आणि पोंचपावतीही नव्हे. आम्हीं वाचलें, आम्हांला समजलें, आणि जें समजलें नाहीं तें आम्हीं विचारलें, एवढें ती सांगते. ज्या राज्यघटनेचा अभ्यास हीं मुलें वर्षभर करितात, तिच्यावर १७ सप्टेंबर १७८७ रोजीं ३९ जणांनीं सह्या केल्या. त्या दिवशीं सभेला हजर असलेल्या तिघांनीं मात्र सही केली नाहीं. त्यांतला जॉर्ज मेसन याचा एक मोठा आक्षेप असा होता कीं, या घटनेंत नागरिकांच्या हक्कांची सनद नाहीं. चार वर्षांनीं, १७९१ मध्यें, ती सनद घटनेंत आली. वाचून सही करणारे आणि वाचून प्रश्न विचारणारे, दोघांचाही त्या देशाच्या घडणींत हात आहे. न वाचतां सही करणाऱ्यांचा असल्याचें ऐकिवांत नाहीं.

तेव्हां कागद घरीं येईल त्या संध्याकाळीं पालकानें मुलाला जवळ बसवून तो त्याच्याकडूनच मोठ्यानें वाचवून घ्यावा. इंग्रजी अडलें तर लाजूं नये. मुलाला अर्थ मराठींत सांगावयास लावावें, म्हणजे त्याला किती उमगलें तेंही कळेल. उशिरा दिलेल्या कामाचें काय होतें, चाचणी पुन्हा देतां येते काय, आणि कोणती मदत घेतली तर ती चोरी ठरते, हे तीन प्रश्न विचारावे. उत्तर कागदांत नसेल तर शिक्षकाला दोन ओळींचें पत्र लिहावें, किंवा सत्राच्या आरंभीं पालकांसाठीं जी संध्याकाळची सभा भरते तिला जाऊन समक्ष विचारावें. शिक्षकाला अशा प्रश्नाचा राग येत नाहीं. शंभर सह्यांत पांच-दहा कागद वाचले गेले आहेत, एवढें तरी त्याला कळतें.

यास पंधरा मिनिटें लागतात. तेवढीं पंधरा मिनिटें त्या संध्याकाळीं दिलीं, तर नोव्हेंबरांतलें प्रगतिपत्रक पाहून मुलावर रागावण्याची पाळी सहसा येणार नाहीं. आणि आपल्या नांवाखालीं काय लिहिलें आहे तें पाहिल्यावांचून सही करूं नये, हा धडा मुलाला इतिहासाचें पुस्तक उघडण्यापूर्वींच घरांत मिळेल.